टर्बो गाडीला इनटेक निवडताना

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बॉनेटखाली तर त्याहून जास्त. त्यामुळे इनटेकला, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळी-फिल्टरच्या संचाला, उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर नकोच, तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो. बंद एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) आणि ग्रिलमागून थंड हवा आणणारा डक्ट असलेला इनटेक घ्या. गाडीला मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) असेल तर तो बसतो त्या नळीचा आतला व्यास मूळ नळीइतकाच हवा, व्हर्नियरने मोजाच. फरक पडला की हवेचं मोजमाप चुकतं, इंधनाचं प्रमाण बिघडतं, चेक इंजिन दिवा लागतो. तेलाच्या कॉटन फिल्टरला जास्त तेल लावलं तर सेन्सरची हवा मोजणारी तार माखते. आपल्या धुळीत कोरडा फिल्टर बरा. क्लॅम्प सैल राहिला तर धूळ थेट टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या यंत्राच्या) पात्यांवर! डक्टचं तोंड बंपरखाली नको, पावसाळ्यात पाणी ओढेल.