राउटरमधून आयपी बदलताय? आधी या चुका टाळा

घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावर आपली जोडणी ओळखण्याचा क्रमांक, बदलावासा वाटण्याची कारणे बहुधा साधीच असतात. एखादे संकेतस्थळ पानोपानी कॅप्चा दाखवून वाहतुकीचे दिवे ओळखायला लावते, एखादा ऑनलाइन खेळ आत घेत नाही, किंवा घरून काम करताना कार्यालयाची यंत्रणा आपली जोडणी अडवते. मग कोणीतरी सुचवते, की राउटरच्या सेटिंगमध्ये जा आणि आयपी बदला. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. कारण राउटरच्या पानांवर आयपी या नावाखाली किमान दोन निराळ्या गोष्टी असतात आणि घाईत माणूस नेमकी नको ती बदलून बसतो.

घरातला पत्ता बदलून बाहेरचा बदलत नाही

राउटरच्या ‘लॅन’ (घरातले जाळे) पानावर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा जो आकडा दिसतो, तो राउटरचा घरापुरता पत्ता होय. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातले पत्ते १९९० च्या दशकापासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे तुमच्या घरी आणि शेजाऱ्याच्या घरी तोच आकडा असला तरी काहीही बिघडत नाही. बाहेरच्या संकेतस्थळांना तो दिसतच नाही. तो बदलून ‘सेव्ह’ दाबले, की राउटर पुन्हा सुरू होतो, सेटिंगचे पान उघडेनासे होते आणि राउटर बिघडला अशी समजूत होते. प्रत्यक्षात पान नव्या पत्त्यावर गेलेले असते. अशा वेळी फोनमधील ते वायफाय ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडावे, जोडणीच्या तपशिलात ‘गेटवे’ म्हणून जो आकडा दिसेल तो ब्राउझरमध्ये टाकावा, पान उघडते.

हा घरातला पत्ता बदलण्याचे एक रास्त कारण मात्र आहे आणि मुंबईतल्या घरांत ते वारंवार दिसते. कंपनीचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, दाराजवळ बसवलेला असतो, आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून घरच्यांनी स्वतःचा दुसरा राउटर घेतलेला असतो, आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असतो. अशी जोडणी कधी चालते, कधी नाही. तेथे दुसऱ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करावा, किंवा त्याहून बरे म्हणजे तो राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या प्रकारात, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम ओएनटीवर सोडून फक्त वायफाय पुरवण्यासाठी, चालवावा.

आधी काय होते ते न लिहिता बदल करणे

कोणतेही बटण दाबण्यापूर्वी राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरची जोडणी) किंवा ‘इंटरनेट स्टेटस’ या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवावा. त्यात जोडणीचा प्रकार, मिळालेला आयपी आणि मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा सहा जोड्यांचा ओळख क्रमांक) या तीन गोष्टी दिसायला हव्यात. त्यानंतर आपला बाहेरचा आयपी दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडून तो आकडा वॅनच्या आकड्याशी ताडून पाहावा. ही तपासणी फोनवर करताना मोबाइल डेटा बंद असावा, नाहीतर सिमकार्डाच्या जोडणीचा आयपी दिसतो आणि ‘बदलला, बदलला’ म्हणून उगाच समाधान होते. व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्फत जोडून आपला आयपी झाकणारी सोय) किंवा ब्राउझरमधील तत्सम सोय चालू असेल, तर तीही बंद करावी.

दोन्ही आकडे सारखे असतील, तर तुमच्या राउटरकडे खरोखरच सार्वजनिक पत्ता आहे आणि पुढचे उपाय लागू पडण्याची शक्यता आहे. ते निराळे असतील, तर वॅनचा आकडा नीट वाचावा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर तुमचा राउटर बहुधा कंपनीच्या ओएनटीच्या मागे बसला आहे आणि बाहेरची जोडणी ओएनटी करतो आहे. आपला राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी बाहेर काही फरक पडणार नाही, जे करायचे ते ओएनटीच्या पानावर करावे लागेल. तो आकडा १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थेच्या, मागे आहात, आणि हे प्रकरण थोडे सविस्तर समजून घेण्यासारखे आहे.

आयपीच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. त्यांच्या जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही शेवटच्या राखीव गटावर येऊन ठेपला. ग्राहक वाढत राहिले, तेव्हा कंपन्यांनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्यास सुरुवात केली आणि २०१२ मध्ये १००.६४ चा तो टप्पा खास याच कामासाठी राखून दिला गेला. चाळीचा टपालाचा पत्ता एक आणि आत खोल्या अनेक, असा हा प्रकार आहे. यातून दोन गोष्टी निघतात. राउटर पुन्हा सुरू केल्याने तुमचा खोली क्रमांक बदलेल, बाहेर दिसणारा पत्ता बदलेलच असे नाही. आणि एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता अडवला असेल, तर त्याचे कारण तुम्ही नसून त्याच पत्त्यामागचा कोणी अनोळखी ग्राहक असू शकतो. घरचा सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून थकलेल्यांनीही आधी हाच आकडा पाहावा, कारण सीजीनॅटच्या मागे ती सोय लागू पडत नाही.

यावर स्थिर आयपी विकत घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कॅमेऱ्यासाठी किंवा कार्यालयाने ठरावीक पत्त्यालाच परवानगी दिली असेल तर तो योग्य आहे. पण ज्याला पत्ता बदलायचा आहे त्याने पैसे भरून कधीही न बदलणारा पत्ता घ्यावा, हे काही पटत नाही.

वॅनच्या चौकटीत मनाने आकडे भरणे

सार्वजनिक आयपी आपण ठरवत नाही, तो सेवा देणारी कंपनी देते. राउटर फक्त मागू शकतो. हे ध्यानात न घेता जोडणीचा प्रकार ‘डायनॅमिक’ (पत्ता आपोआप मिळणारा) किंवा पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडणारा) यावरून ‘स्टॅटिक’ (पत्ता हाताने भरायचा) करून तेथे जुन्या पत्त्याचा शेवटचा आकडा एकाने वाढवून टाकला जातो, आणि इंटरनेट बंद पडते. उपाय एकच, फोटोत पाहून पूर्वीचा प्रकार परत निवडणे. पीपीपीओई असेल तर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड पुन्हा भरावे लागतात, आणि ते वायफायच्या पासवर्डाहून निराळे असतात. जोडणी घेताना नेटवाल्याने ते स्वतः भरलेले असल्यामुळे घरात बहुतेकांना ते ठाऊकच नसतात. ते आधी मागून घेऊन मगच या पानाला हात लावावा.

बंद केला, लगेच चालू केला

डीएचसीपी, म्हणजे वर सांगितलेल्या ‘डायनॅमिक’ प्रकारच्या जोडणीत कंपनीचा सर्व्हर पत्ता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देतो. राउटर चालू असेल तर साधारण अर्धी मुदत उलटताच तो तोच पत्ता पुढे वाढवून घेतो, आणि मधे बंद करून लगेच चालू केला, तरी सर्व्हर मॅक अ‍ॅड्रेसवरून ओळखून बहुधा पूर्वीचाच पत्ता परत देतो. मुंबईत वीज फारशी जात नाही, त्यात अनेकांनी राउटरला छोटा यूपीएस जोडलेला असतो. त्यामुळे महिनोन्‌महिने तोच पत्ता राहणे स्वाभाविक आहे. वॅनच्या पानावर ‘रिलीज’ किंवा ‘डिसकनेक्ट’ हे बटण असेल, तर आधी ते दाबावे आणि मगच राउटर बंद करावा, म्हणजे पत्ता रीतसर परत केला जातो. बटण नसेल, तर राउटर रात्रभर बंद ठेवून पाहावा. मुदत किती, हे कंपनीगणिक बदलते.

पीपीपीओईमध्ये काम तुलनेने सोपे असते, कारण दर वेळी नवे सत्र सुरू होते आणि अनेकदा नवा पत्ता मिळतो. येथे चूक होते ती वीज एकदम काढून लगेच लावण्याची: कंपनीच्या बाजूला जुने सत्र अजून चालूच समजले जाते आणि नव्या सत्राला नकार मिळतो. पासवर्ड चुकला असे समजून तो बदलण्याच्या मागे लागू नये. पाच-दहा मिनिटे राउटर बंद ठेवून पुन्हा प्रयत्न करावा.

टाचणीने रीसेट

राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून ‘रीसेट’ करणे हा अनेकांचा पहिला उपाय असतो, तो खरे तर शेवटचाही असू नये. रीसेट आणि रीस्टार्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीसेटने आयपी नव्हे, तर वायफायचे नाव, पीपीपीओईचे तपशील आणि कंपनीने जोडणीसाठी ठरवलेला व्हीलॅन क्रमांक पुसला जातो, आणि ओएनटीवर रीसेट केले तर काही कंपन्यांच्या बाबतीत त्याची ओळख पटवणारी माहितीही जाऊ शकते. मग कंपनीचा माणूस घरी येईपर्यंत इंटरनेट बंद, आणि गणपतीच्या दिवसांत तो कधी येईल याचा भरवसा कोणी द्यावा! रीसेट झालेच असेल, तर ओएनटीवरील ‘लॉस’ (एलओएस, फायबरचा सिग्नल तुटल्याची खूण) दिवा पाहावा. तो लाल असेल तर दोष फायबरच्या तारेत किंवा जोडात आहे, सेटिंगमध्ये नाही. तो विझलेला असून ‘पॉन’ (पीओएन, कंपनीशी फायबर जोडणी झाल्याची खूण) दिवा स्थिर हिरवा असेल तर तार ठीक आहे, तपशील भरणे बाकी आहे. ज्या राउटरमध्ये सेटिंगची प्रत काढून ठेवण्याची सोय आहे, तेथे ती आधीच संगणकावर उतरवून ठेवावी.

मॅक क्लोन जपून

डीएचसीपीच्या सर्व्हरला आपण नवे ग्राहक आहोत असे भासवण्यासाठी वॅनचा मॅक अ‍ॅड्रेस बदलण्याची युक्ती काही राउटरमध्ये ‘मॅक क्लोन’ या नावाने असते. ती चालते, परंतु अनेक स्थानिक केबलवाले ग्राहकाची जोडणी एका मॅकशी बांधून ठेवतात, आणि तेथे मॅक बदलला की इंटरनेट तत्काळ बंद होते. तसे झाल्यास ‘फॅक्टरी मॅक’ पुन्हा निवडावा. बदलायचाच असेल, तर मनाला येईल तो आकडा टाकू नये: पहिल्या जोडीतील दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असले म्हणजे तो हाताने दिलेला, वैध मॅक ठरतो. ०२ ने सुरुवात करणे सोयीचे.

आयपी न बदलणारे बदल

डीएनएसच्या चौकटीत ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्याने आपला आयपी बदलत नाही, फक्त नावे शोधून देणारा सर्व्हर बदलतो. वायफायचे नाव किंवा पासवर्ड बदलल्यानेही नाही. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते: आता कित्येक जोडण्यांवर आयपीची सहावी आवृत्तीही चालते, त्यामुळे चौथ्या आवृत्तीचा पत्ता बदलूनही संकेतस्थळाला सहाव्या आवृत्तीचा जुनाच पत्ता दिसत राहू शकतो. तपासताना दोन्ही पाहावेत. नव्या पत्त्याचे ठिकाण मुंबईऐवजी पुणे किंवा दिल्ली दिसले तरी दचकू नये. ठिकाणांच्या त्या याद्या अंदाजाने चालतात. पत्ता बदलल्याने आपण निनावी होतो, ही समजूतही सोडावी, कारण कोणत्या वेळी कोणता पत्ता कोणाकडे होता याची नोंद कंपनीकडे राहते.

एवढे करूनही पत्ता बदलत नसेल, तर ग्राहक सेवेला ‘आयपी बदलून द्या’ एवढेच सांगून भागत नाही. समोरची व्यक्ती राउटर बंद-चालू करायला सांगते आणि तक्रार मिटल्याची नोंद होते. त्याऐवजी जोडणीचा प्रकार, वॅनवरील आकडा, बाहेर दिसणारा आकडा, कोणते संकेतस्थळ अडवते आणि त्यावर येणारा संदेश नेमका काय आहे, हे वेळेसह लेखी कळवावे आणि सीजीनॅटमधील पत्ता बदलून मिळेल का, असे स्पष्ट विचारावे. तोच संदेश त्या संकेतस्थळाच्या मदत विभागालाही पाठवावा, कारण अडवणूक त्यांनी केलेली असेल, तर ती उठवणेही त्यांच्याच हातात असते.