नागपुरात नव्याने धंदा मांडताय? पार्ट लोडने माल पाठवण्याआधी एवढं समजून घ्या

सांगलीहून नागपुरात येऊन मला आता बराच काळ झाला. हिंगणा एमआयडीसीत आमचं पंपाच्या सुट्या भागांचं छोटं युनिट आहे. आपल्या भागातली मंडळी हल्ली इकडे शेड घेऊन येतात आणि पहिल्याच महिन्यात तीन गोष्टी विचारतात : घर कुठे बघू, मुलांना शाळा कुठली, आणि माल कुठल्या ट्रान्सपोर्टला टाकू. घर आणि शाळेचं सांगणारे पुष्कळ भेटतील. मालाचं मी सांगतो, कारण नव्या माणसाचा पैसा जास्त करून तिथेच मुरतो.

सांगली-कोल्हापूरकडे बहुतेकांचे ट्रान्सपोर्टवाले वडिलांच्या वेळेपासून ठरलेले असतात. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही आणि गिऱ्हाईक चारी दिशांना आहे. श्रीनगर-कन्याकुमारी हा ४४ नंबरचा महामार्ग आणि सुरतेकडून रायपूरकडे जाणारा ५३ नंबरचा, दोन्ही नागपुरातून जातात. म्हणून हैदराबाद, जबलपूर, रायपूर, इंदूर, कुठलीही लाइन मिळते. पण गाव देशाच्या मध्यावर आहे म्हणून माल सगळीकडे लवकर पोचतो, असं धरून गिऱ्हाइकाला तारीख देऊ नका. पार्ट लोडचा, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत जाणाऱ्या मालाचा, वेळ रस्त्यावर कमी जातो आणि गोडाऊनमध्ये जास्त. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, फुल लोडला (अख्खी गाडी एकाच्याच मालाची) त्याचा फायदा उघड दिसतो. आपली दोन पॅलेट (माल रचून बांधायचे लाकडी पाट) मात्र गाडी भरेपर्यंत वाडी भागातल्या गोडाऊनमध्ये आणि पुढे क्रॉसिंगला, म्हणजे वाटेत माल गाडी बदलतो तिथे, थांबणारच.

मालाचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. आपल्या शेडमधून पिकअपमध्ये चढला, बुकिंगच्या गोडाऊनला उतरला. रात्री लाइनच्या गाडीत चढला, क्रॉसिंगला उतरला, दुसऱ्या गाडीत चढला, मुक्कामाच्या गोडाऊनला उतरला. तिथून छोट्या हत्तीत चढला आणि गिऱ्हाइकाच्या दारात उतरला. एका क्रॉसिंगचा प्रवास धरला तरी आठ वेळा चढ-उतार झाली, आणि त्यातल्या बहुतेक वेळा आपला माणूस तिथे नसतो. शेजारी रंगाचे डबे आहेत की लोखंडी पाइप, तेही आपल्या हातात नाही. म्हणून जे काही करायचं ते शटरच्या आत, माल आपल्या ताब्यात असतानाच करायचं. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी ट्रान्सपोर्ट निवडण्याचं. अमरावती रोडवरच्या वाडीत गोडाऊनांची आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसांची गर्दी आहे, हिंगण्याहून ती जवळ पडते. भंडारा रोडला कापसीकडेही बरंच काम चालतं. इतवारी-गांधीबागेतही बुकिंग ऑफिसं आहेत, पण तिथल्या गल्ल्यांत पॅलेट घेऊन जाण्यात अर्थ नाही, ती सुट्या नगांसाठी ठीक. बुटीबोरीत शेड असेल तर वाडीपर्यंतचं पिकअपचं भाडं आधीच हिशेबात धरा. नवा माणूस चार ठिकाणी दर विचारतो आणि सगळा माल सगळ्यात स्वस्त माणसाला देतो. तसं करू नका. दर शेवटी विचारा. आधी विचारा की या गावाची गाडी थेट आहे की क्रॉसिंग आहे, तिथे स्वतःची शाखा आहे की एजंट, आणि आठवड्यातून किती गाड्या सुटतात. रायपूर लाइनला पक्का असलेला माणूस पुणे लाइनला कच्चा असू शकतो. माझ्याकडे दर दिशेला वेगळा ट्रान्सपोर्ट आहे, आणि तुम्हालाही माझा हाच सल्ला आहे.

आता पॅलेट. आपल्याकडे १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट सर्रास चालतं. बॉक्स त्याच्या कडेच्या बाहेर बोटभरही जाऊ देऊ नका, कारण पहिला मार त्या बाहेर आलेल्या कोपऱ्याला बसतो. जड नग खाली, हलके वर. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे एज प्रोटेक्टर, त्यावरून आवळायची पट्टी (स्ट्रॅप), मग ताणून गुंडाळायची प्लास्टिकची स्ट्रेच फिल्म. फिल्म गुंडाळणाऱ्या पोराकडे स्वतः उभं राहून बघा. तो बॉक्सपासून सुरुवात करत असेल तर थांबवा. पहिले तीन-चार वेढे पॅलेटच्या लाकडाला घेऊन बसले पाहिजेत, नाहीतर माल आणि पॅलेट एकमेकांना बांधलेलेच नसतात, आणि पहिल्या ब्रेकला वरचा सगळा ढीग सरकतो. पुढचा वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. बंद गाडीत टेपचा गोंद सुटतो, तेव्हा पट्टीशिवाय पर्याय नाही. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरून दबतो, म्हणून जूनपासून वरून प्लास्टिकची टोपी घालाच.

आणि माल उतरणार तिथे फोर्कलिफ्ट आहे का, हे विचारल्याशिवाय पॅलेट बांधू नका. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा ठिकाणी लहान शाखेत बहुधा फोर्कलिफ्ट नसतं. तिथे हमाल फिल्म कापून एकेक बॉक्स खाली घेतात, आणि आपली सगळी बांधाबांध तिथेच संपते. त्यात त्यांची चूक नाही. पाचशे किलोचं पॅलेट कोण उचलणार? अशा गावांसाठी प्रत्येक बॉक्स एकट्याने उचलता येईल एवढाच ठेवा आणि प्रत्येकावर पत्ता लावा, नुसत्या पॅलेटवर नको. रिकामं पॅलेट परत येईल अशी आशा ठेवू नका, परतीचं भाडं लाकडाच्या किमतीहून जास्त होतं. माल परदेशी जाणार असेल तर मात्र लाकूड आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवलेलं आणि शिक्क्याचं घ्या. देशात त्याची गरज नाही.

दर किलोचा सांगतात, पण बिल जागेवर निघतं. सीएफटीचा, म्हणजे घनफुटाचा, हिशेब स्वतःला आला पाहिजे. लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणायची आणि १७२८ ने भागायचं. ४८ बाय ४० इंचांचं पॅलेट ४८ इंच उंच झालं तर ५३.३ सीएफटी होतं. ट्रान्सपोर्टवाला सीएफटीला ८ किलो धरत असेल तर ४२७ किलोचं भाडं लागेल, १० धरत असेल तर ५३३ चं, मग काट्यावर माल ३०० किलो का भरेना. म्हणून किलोच्या दराआधी सीएफटीला किती किलो धरता, हे विचारा. एक रुपया स्वस्त सांगणारा पुष्कळदा इथे वसूल करतो. हमाली, डॉकेट (पावती बनवायचे पैसे), डिझेल सरचार्ज, डोअर डिलिव्हरी, हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. पॅलेटची उंची चार इंचांनी कमी करता आली तरी वर्षाकाठी बरीच रक्कम वाचते.

आता बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाला देतो ती मालाची पावती. नग या रकान्यात कारकून सवयीने '१ पॅलेट' लिहितो. तसं राहू देऊ नका. '१ पॅलेट, २४ बॉक्स' असं लिहून घ्या आणि इनव्हॉइसशी जुळवा. नुसतं एक पॅलेट लिहिलं आणि समोर वीसच बॉक्स उतरले, तर चार कमी झाल्याचं सिद्ध कसं करणार? मालाची किंमत जाहीर करा. हा रकाना बरेच जण कोरा ठेवतात, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम पाहिले तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. भाडं १,२०० रुपये असेल तर १२,०००, मग आत ९०,००० चा माल का असेना. जास्त जबाबदारी हवी असेल तर जास्त जोखमीचा दर भरायचं कबूल करून तसं बुकिंगलाच लिहून घ्यावं लागतं. माझ्या मते लहान कारखानदाराने वर्षाची ओपन ट्रान्झिट पॉलिसी, म्हणजे वर्षभर जाणाऱ्या सगळ्या मालाचा वाटेतला विमा, घ्यावी आणि त्यात सगळ्यात जास्त जोखीम धरणारा इनलँड ट्रान्झिट क्लॉज 'ए' आहे ना, ते तपासावं. 'सी' स्वस्त असतो, पण त्यात आग आणि वीज याशिवाय फारसं काही नसतं.

ई-वे बिलाला, म्हणजे जीएसटीच्या ऑनलाइन माल वाहतुकीच्या कागदाला, घाबरायचं कारण नाही. परराज्यात करासह ५०,००० रुपयांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर ते लागतं. तुम्ही पार्ट 'ए' (मालाची माहिती) भरा आणि ट्रान्सपोर्टचा आयडी टाका. शेडपासून त्यांच्या गोडाऊनपर्यंतचं अंतर राज्यात ५० किलोमीटरच्या आत असेल तर त्या टप्प्याला पार्ट 'बी' (गाडीची माहिती) लागत नाही. गाडी सुटताना तो ट्रान्सपोर्टवाला भरतो, आणि मुदत तेव्हापासून चालू होते, दर २०० किलोमीटरला एक दिवस. पुण्याला साधारण चार दिवस मिळतात. पार्ट 'बी' घाईने आधीच भरला तर गाडी भरायची वाट बघण्यातच त्यातले दोन जातात. मुदत संपण्याआधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. गाडी कुठे अडकली याची खबर ठेवा.

माणसांबद्दल थोडं. वाडीत मराठीइतकीच हिंदी चालते. कारकुनाला आणि मुकादमाला 'भाऊ' म्हणा, नाव लक्षात ठेवा, आणि माल दुपारी तीनच्या आत पोचवा. संध्याकाळी सगळं नागपूर तिथे येतं आणि घाईत चढवलेला माल नीट रचला जात नाही. 'भाऊ, हे वरच ठेवजा, याच्यावर काही टाकू नका' एवढं मुकादमाला समोर उभं राहून सांगितलं तर तो ऐकतो. बॉक्सवर छापलेले बाण कुणी बघत नाही. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे गोडाऊनं तुंबलेली असतात, तेव्हा गिऱ्हाइकाला चार दिवस जास्तीचे सांगा.

शेवटचं काम समोरच्या माणसाचं आहे, पण ते आपणच शिकवून ठेवावं लागतं. माल उतरताना मोजायचा, फोटो काढायचे, आणि सही करण्याआधी बिल्टीच्या पोचप्रतीवर लिहायचं : 'बॉक्स ३ फुटले, १ भिजला, २ कमी.' कोरी सही दिली की दावा जवळजवळ गेला. ट्रान्सपोर्टकडून डॅमेज सर्टिफिकेट मागा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पोचली पाहिजे. हे दिवस डिलिव्हरीपासून मोजायचे नाहीत. फोनवर 'बघतो साहेब' म्हणत महिने काढले जातात, म्हणून पहिल्याच आठवड्यात नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्या बिल्टीलाच टाचून ठेवा.