नाकाचं ऑपरेशन करून गावी आलात? या चुका टाळा

भाचीचं नाकाचा आकार सुधारायचं ऑपरेशन नागपूरला झालं, पण पुढचा दीड महिना ती आमच्याकडे गावी होती. आठव्या दिवशी नाकावरचं स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी) निघालं आणि शेजारच्या काकू पाहताच बोलल्या, "अवं माय, हे तं पयल्यापेक्षा मोठं दिसून रायलं!" पोरगी रात्रभर रडली.

इतक्या लवकर निकाल लावणं हीच सगळ्यात मोठी चूक. डोळ्यांभोवतीचं काळंनिळं साधारण दोन आठवड्यांत जातं, बरीचशी सूज महिना-दोन महिन्यांत ओसरते. नाकाच्या शेंड्याची सूज मात्र पुरती उतरायला वर्ष लागतं, कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. शेंडा बधिर वाटतो, हसताना वरचा ओठ ताठ राहतो, तेही हळूहळू सुटतं. म्हणून मे महिन्यातल्या लग्नासाठी एप्रिलमध्ये ऑपरेशन करूच नका.

दुसरी चूक आपल्या उन्हाची. बाहेर पडताना पोरी तोंडाला दुपट्टा गच्च बांधतात. हाड कापून बसवलं असेल तर ते जुळायला सहा आठवडे जातात, तोवर नाकावर दाब नको, चष्म्याचाही नको. ऊन तर टाळायचंच, पण छत्रीनं, रुंद काठाच्या टोपीनं.

नाक चोंदलं की शिंकरावंसं वाटतं. दोन आठवडे शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून द्या. खपली नखानं काढू नका. आमच्या आजीनं मायेनं कोमट तेल आणलं होतं, तिला हात जोडून थांबवावं लागलं. नाकात फक्त डॉक्टरांनी दिलेला मिठाच्या पाण्याचा स्प्रे. झोपताना डोक्याखाली दोन उश्या. वाकून झाडणं, कापूस वेचणं, पाण्याची गुंडी उचलणं किमान तीन आठवडे बंद.

खर्रा तर ऑपरेशनच्या आधीपासूनच सोडा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. किराणा दुकानातली अंगदुखीची गोळीही विचारल्याशिवाय नको. अॅस्पिरिननं रक्त वाहायला लागू शकतं.

आणि ताप आला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, नाक आतून एकाएकी गच्च झालं किंवा लाल रक्त थांबेना, तर सकाळची एसटी पाहत बसू नका. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साकळलं तर ते लगेच काढावं लागतं, नाहीतर कूर्चा (नाकातलं मऊ हाड) सडून नाक बसतं. आम्ही डॉक्टरांचा आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवला होता.