बांधाचा गढूळ पाझर कसा थांबवला

मोहोळजवळच्या शेतात हुरड्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी होडी सोडतो, त्या तळ्याचा मातीचा बांध जेमतेम चार मीटर उंच. 2021 चा धरण सुरक्षा कायदा एवढ्याशा बांधाला लागू नाही, बघायचं आपणच.

परतीच्या पावसानंतर पायथ्याशी पाझर दिसला. पाझर असतोच हो, पण हा गढूळ! काचेच्या ग्लासात धरला तर तळाला काळ्या मातीचा थर. म्हणजे बांध आतून वाहून चाललेला. भोक नुसतं बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटतं. म्हणून आधी इंजिन लावून पातळी उतरवली, मग पाझरावर वाळू, वर बारीक खडी, वर दगड. पाणी येऊ दे, माती नको. दुसऱ्या दिवशी ग्लास नितळ.

उन्हाळ्यात आतल्या बाजूला घुशीचं बीळ सापडलं. ते खणून ओल्या काळ्या मातीचे थर धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट दाबत, भरले.