जलसंधारणाची कामं झाली तरी गावात टँकर येतोच? ग्रामपंचायतींनो, या चुका टाळा

गावात बंधारे झाले, सीसीटी (डोंगरउतारावरच्या सलग समतल चरी) झाले, शेततळी झाली, तरी फेब्रुवारी संपता संपता पंचायत समितीकडे टँकरचा प्रस्ताव जातोच, असं तुमच्याकडे होत असेल तर पाऊस कमी पडला म्हणून विषय सोडून देऊ नका. बहुतेक वेळा कामात तरी चूक असते नाहीतर हिशोबात, आणि हिशोबाची चूक जास्त महागात पडते.

पाण्याचा ताळेबंदच नाही, म्हणजे जमाखर्चच नाही. शिवारात किती पडलं आणि आपण किती उपसलं हे कोणी मोजतच नाही. खरंतर सोपं आहे, 1 हेक्टरवर 100 मिमी पाऊस म्हणजे 10 लाख लिटर. 500 हेक्टरच्या गावात 500 मिमी पडला तर 250 कोटी लिटर. ऐकायला भरपूर वाटतं पण त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच उन्हानं उडतं, मुरतं ते थोडंच, आणि त्यातून आधी माणसं मग जनावरं आणि उरलं तर रब्बी. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार टिकलं ते यामुळे. तिथं पावसाच्या आकड्यावरून गावात बसून पिकं ठरतात, शेतीला बोअर घ्यायचं नाही हे गावानंच ठरवलंय. बघायला जाल तेव्हा बंधाऱ्यांबरोबर ताळेबंद कसा मांडतात तेही विचारून या. आणि गावात स्वतःचा पर्जन्यमापक लावा, महसूल मंडळाच्या आकड्यावर राहू नका, तिकडं धो धो आणि आपल्याकडं नुसता शिडकावा असं नेहमी होतं.

नाला खोल खोल खोदणं. जेसीबी आलाच आहे तर अजून थोडं घे, हे फार घातक आहे. आपल्याकडे बेसाल्ट म्हणजे काळा कठीण खडक, पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. मुरमाचा थर कापून नाला खाली नेला की शेजारच्या विहिरींचं पाणी उलटं नाल्यात झिरपतं आणि तिथून वाहून किंवा उडून जातं. नाला तुडुंब पण विहीर उतरलेली दिसली तर हीच शंका घ्या, आणि पुढचं खोदकाम सरकारच्या भूजल सर्वेक्षण विभागाला दाखवल्याशिवाय करू नका.

चर लेव्हलला नसणं. डोंगरावर नुसत्या नजरेनं आखलेली चर हमखास चुकते. दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधून त्यात पाणी भरलं की झालं, दोन्हीकडं पातळी सारखी येईल तिथं फक्की (पांढरी भुकटी) टाकून खूण करायची. हे केलं नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी चरीच्या खालच्या टोकाला जमतं, तिथून भराव फुटतो आणि खाली नवी घळ पडते, म्हणजे माती वाचवायला गेलो आणि माती गेली. म्हणून पहिल्या पावसात छत्री घेऊन वर जाऊन बघाच, कुठं फुटतंय ते तेव्हाच कळतं. आणि काम माथ्यावरूनच सुरू करा, खाली आधी बंधारा बांधला तर दोन-तीन पावसाळ्यात गाळानं भरतो.

पन्नीचं (तळाला प्लास्टिक अंथरलेलं) शेततळं बोअरनं भरणं. याला जलसंधारण म्हणूच नये. जमिनीतलं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात उन्हाला ठेवलं जातं. शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्यावरच भरायचं असा ठराव ग्रामसभेत घ्या, वाद होतील पण घ्या. भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअर घेण्यावर निर्बंध आहेत, हे किती ग्रामसभांत वाचून दाखवलं जातं?

केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत बसवायच्या फळ्या. पाणी थांबत नसेल तर सगळ्यात आधी इथं बघा. रबर गेलेलं असतं, चार बरगे गायब असतात, किंवा बरगे टाकायलाच नोव्हेंबर उजाडतो आणि तोवर परतीचं पाणी निघून गेलेलं असतं. बरगे उन्हाळ्यातच मोजून ठेवा, रबर बदला, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टाका, आणि हे कोण करणार त्या माणसाचं नाव आणि मजुरी ग्रामपंचायतीच्या आराखड्यातच लिहा. पैसे नाहीत म्हणू नका, 15 व्या वित्त आयोगानं 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता, आराखड्यात नव्या बांधकामाआधी दुरुस्तीची ओळ टाकायची सवय लावा.

झाडांचं एकच सांगतो, जेवढी उन्हाळ्यात जगवता येतील तेवढीच लावा, आणि चांगलं गवताळ माळरान खोदून तिथं झाडं लावू नका, ते गवतच माती धरून असतं.