आवडत्या कादंबऱ्यांची यादी मागू नका : ऑनलाइन वाचनगट असा जमवा

कादंबऱ्या वाचणाऱ्यांचे ऑनलाइन गट मी बरीच वर्षं जमवते आहे. सुरुवातीचे दोन मोडले, नंतरचे टिकले. गट कसा काढावा यावर मिळणारा सल्ला साधारण एकच असतो : व्हॉट्सअ‍ॅपवर गट उघडा, नियम टाका, प्रत्येकाला आवडत्या कादंबऱ्या विचारा, जुळणारी मंडळी एकत्र करा. बाकी सगळं ठीक आहे. आवडत्या कादंबऱ्या विचारण्याचा भाग मात्र साफ चुकीचा आहे, आणि माझे पहिले दोन्ही गट त्याच्यामुळेच मोडले.

माणसं किती?

सहा ते आठ. बाराच्या वर गेलात की चौघं बोलतात आणि उरलेले नुसते वाचतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, आणि अनोळखी लोकांत ते अनेक बायकांना नको असतं. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, तेव्हा आधी विचारा आणि मग ठरवा.

आवड जुळवणं

इथे घाई करू नका. पहिल्या गटात मी प्रत्येकाकडून पाच आवडत्या कादंबऱ्यांची यादी मागवली होती. निम्म्याहून जास्त जणांच्या यादीत भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) होती. मला वाटलं, झालं, आता वर्षभर चिंता नाही. दुसऱ्याच महिन्यात कोणाचं कोणाशी पटेना. मी सुचवलेली कादंबरी चौघांनी पन्नास पानांत खाली ठेवली, आणि त्यांनी सुचवलेली मला पुढे रेटवेना.

मग एकेकाला फोन करून विचारलं, ‘कोसला’त तुम्ही परत परत कुठल्या पानांकडे जाता? एकाला नायक पांडुरंग सांगवीकरचं पुण्यातलं हॉस्टेल आवडत होतं : मित्र, खर्चाची ओढाताण, परीक्षा. त्याला खरं तर कॉलेजच्या दिवसांची कादंबरी हवी होती. दुसरीला भाषेचा खेळ आवडत होता, विशेषतः बखरीच्या थाटात केलेलं लेखन, आणि गोष्ट पुढे सरकते की नाही याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिसऱ्या बाई पांडुरंगच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी थांबलेल्या होत्या. तेवढी पानं त्यांनी किती वेळा वाचली याचा त्यांच्याकडे हिशेब नव्हता, आणि हॉस्टेलचा भाग त्या चाळून पुढे जात. कादंबरी एकच होती आणि वाचक तीन तऱ्हांचे होते. पुढची कादंबरी एकमताने ठरेल ही अपेक्षाच माझी चूक होती.

प्रकारावरून जुळवणं तर याहून वाईट. ‘मला ग्रामीण कादंबऱ्या आवडतात’ या वाक्यातून काहीच कळत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) आणि श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ (1952), दोन्ही गावाच्याच. पेंडशांकडे बापू आहे, हट्टी आणि गावाशी भिडणारा. पुढे काय होणार या ओढीने आपण वाचत जातो. माडगूळकरांकडे एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो आणि वाडी बघत राहतो. वाक्यं छोटी, आवाज खालचा. ‘बापू’वर जीव असलेला माझा एक वाचक ‘बनगरवाडी’ ठेवताना म्हणाला, “यात काही घडतच नाही हो.” त्याच्यासाठी ते खरंच होतं. त्याला पटवण्यात मी दोन आठवडे घालवले. तुम्ही दोन मिनिटंही घालवू नका.

आता मी कोणालाही आवडती कादंबरी विचारत नाही. दोनच गोष्टी विचारते. पहिली : सगळे जिची स्तुती करतात अशी कुठली कादंबरी तुम्ही अर्धवट सोडलीत आणि नेमकी कुठे सोडलीत? ‘कुठे’ महत्त्वाचं. ‘वर्णनं संपेनात तिथे’, ‘नायक स्वतःवरच फार खूश वाटला तिथे’, ‘लेखक मला शिकवायला लागला तिथे’ या उत्तरांतून माणूस कळतो. आवडत्या पुस्तकांच्या यादीत लोक शोभणारी नावं घालतात. सोडलेल्या पुस्तकाबद्दल खरं बोलतात. दुसरी गोष्ट : कुठल्याही कादंबरीतला दोन मिनिटांचा तुकडा वाचून आवाजी संदेश पाठवा. कोण कशावर थांबतं, कुठे आवाज हळू होतो, ते ऐकू येतं. ज्यांचे तुकडे ऐकताना तुम्हाला ते पुस्तक लगेच उघडावंसं वाटतं ती तुमची माणसं. मग ती नागपूरची असोत, मडगावची किंवा टोरंटोची.

यानंतर एक चाचणी घ्या, आणि ती टाळू नका. छोटी कादंबरी घ्या, दोन-तीन बैठकांत संपणारी. मी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) घेते. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि त्यांच्यातल्या हर्टाची नि मराठी चक्रधरची गाठ. वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपापलं पाच-सात ओळींत लिहायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी पाठवायचं, म्हणजे कोणी कोणाचं बघून लिहीत नाही. कोणी फक्त प्रेमाबद्दल लिहितं, कोणी देश हरवलेल्या माणसांबद्दल, कोणी इतक्या कमी पानांत हे कसं बसवलं याबद्दल. त्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की गट आपोआप दिसतो.

जो जुळत नाही त्याला त्याच आठवड्यात सांगा. मी एकदा संकोचाने सहा महिने गप्प राहिले. त्या गृहस्थांना दर महिन्याला न आवडणारं पुस्तक विकत घ्यावं लागलं आणि शेवटी ते रागावून गेले. त्यांचा राग योग्य होता. आणि चाचणीनंतर दोघंच उरलात तरी सुरू करा. माझा सगळ्यात जास्त टिकलेला गट पहिले आठ महिने दोघींचाच होता.

पुस्तक आणि प्रती

सगळ्यांना मिळेल तेच पुस्तक ठरवा. बऱ्याच चांगल्या मराठी कादंबऱ्या मधूनमधून छापायच्या राहतात, म्हणून आधी विक्रेत्याला फोन करा. कोणी हयात लेखकाच्या कादंबरीची पीडीएफ गटात टाकली तर ती लगेच काढायला लावा. मराठी कादंबरीच्या आवृत्त्या आधीच लहान असतात. वाचणाऱ्यांनीच विकत घेतलं नाही तर पुढची आवृत्ती निघत नाही. फुकटच हवं असेल तर कायदेशीर वाट आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ आपटे 1919 साली गेले, त्यामुळे ‘पण लक्षात कोण घेतो?’ खुली आहे. मुळात ती त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली होती, म्हणून आठवड्याला थोडी वाचायला फार छान बसते. नायिका यमुनेच्या तोंडची ती भाषा मोठ्याने वाचा.

हप्ते आणि वेळ

पानांचे आकडे देऊ नका. आवृत्तीगणिक ते बदलतात आणि किंडलवर तर वेगळेच असतात. प्रकरण सांगा, प्रकरणं नसतील तर थांबायच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य टाइप करून पाठवा. आठवड्याला साठ-सत्तर पानं पुरेत.

बोलणं रविवारी रात्री साडेनऊला, भारतीय वेळ. लंडनला तेव्हा उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात चार वाजलेले असतात, न्यूयॉर्कला दुपारचे बारा किंवा अकरा. ऑस्ट्रेलियातलं कोणी असेल तर भारतातली सकाळ धरा. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक संदेश न चुकता टाका, कारण अमेरिका आणि युरोप घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात आणि मधल्या दिवसांत सगळ्यांचा गोंधळ होतो. गूगल मीटवर फुकटात गटाला तासभर मिळतो. तेवढा पुरतो.

बोलताना

पहिल्या वीस मिनिटांत ‘अप्रतिम’, ‘भिकार’, ‘छान’ हे शब्द बंद. प्रत्येकाने एक जागा काढायची, दोन वाक्यं वाचायची आणि तिथे आपल्याला काय झालं ते सांगायचं. मत त्याच्यानंतर. मत आधी आलं की बाकीचे त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलतात आणि पुस्तक बाजूला पडतं.

एरवी गटात लिहिताना संदेशाच्या सुरुवातीला हप्त्याचा क्रमांक घाला, म्हणजे मागे असलेला माणूस तो वाचणार नाही आणि शेवट फुटणार नाही. सुप्रभात आणि सणांची चित्रं आली तर एकदा सांगा, दुसऱ्यांदा काढा. शंभर वर्षं जुनी कादंबरी असली तरी शेवट फोडणाऱ्याला मी माफ करत नाही. नव्याने वाचणाऱ्याला ती कादंबरी आजचीच असते.

पुढची कादंबरी

मतदान घेऊ नका. मतदानात सगळ्यांनी नाव ऐकलेली कादंबरी जिंकते, आणि ती बहुतेकांनी वाचलेली असते. पाळी लावा. ज्याची पाळी त्याने एक कादंबरी सांगायची, सोबत तिच्यातला दोन मिनिटांचा तुकडा वाचून पाठवायचा, आणि बाकीच्यांनी निमूट विकत घ्यायची. नको वाटली तर शंभर पानांनंतर सोडायची मुभा ठेवा. फक्त कुठे सोडली ते गटात लिहायचं.