शनिवारच्या सोड्याची तयारी बुधवारपासूनच

शनिवारी संध्याकाळी गच्चीवर वीस माणसं, माणशी दोन ग्लास धरले तरी चाळीस होतात. ग्लासाला 30 मिली सिरप आणि 150 मिली सोडा, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास सिरप आणि सहा लिटर सोडा लागणार. सोडा दोन लिटरच्या बाटलीत अजिबात घ्यायचा नाही, 600 किंवा 750 मिलीच्या दहा बाटल्या आणायच्या, कारण मोठी बाटली एकदा उघडली की शेवटच्या ग्लासापर्यंत तिच्यात गॅसच उरत नाही.

सगळ्यात आधी सिरपच्या बाटल्या. काचेच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या तीन-चार काढून ठेवायच्या आणि गुरुवारी पाणी बंद असेल तर बुधवारीच धुऊन टाकायच्या, मग मोठ्या पातेल्यात गार पाण्यात आडव्या ठेवून तिथून उकळी आणायची (उकळत्या पाण्यात थंड काच टाकली की तडकते), दहा मिनिटं उकळल्या की फडक्यावर उपड्या. आत थेंबभर पाणी राहिलं तरी बुरशी धरते, त्यामुळे पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय भरायचं नाही.

मंडईतून पाव किलो आलं, दहा-बारा लिंबं, वाळ्याची एक जुडी आणि 100 ग्रॅम आमसुलं. कोकमाचं तयार आणणार असाल तर प्लीज बाटली वाचून घ्या, आगळ हे खारं असतं, सोलकढीचं, आपल्याला गोड अमृत कोकम पाहिजे, आणि गडबडीत लोक हमखास उलटं उचलतात. मी मात्र आमसुलंच भिजवते, अर्धा लिटर कोमट पाण्यात तीन-चार तास, मग हाताने कुस्करून गाळायचं, अर्धा किलो साखर घालून विरघळेपर्यंतच गरम करायचं आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. सैंधव पण इथेच सिरपमध्ये घालायचं, कारण मीठ वरून ग्लासात टाकलं की सोडा भसकन फसफसून टेबलावर येतो आणि असेल नसेल तो गॅस तिथेच संपतो. आणि हे सगळं स्टीलमध्ये करा, अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं.

आल्याचं गुरुवारी रात्री. पातळ चकत्या, अर्धा किलो साखर, अर्धा लिटर पाणी, वीस मिनिटं मंद गॅसवर, मग झाकून तसंच ठेवायचं. सकाळी गाळायचं. लिंबाचा रस पाकाबरोबर उकळायचा नाही, ताजेपणा जातो आणि कडवट लागतं, पाक गार झाल्यावरच घालायचा. चव बघताना सिरप जरा जास्तच गोड, जास्तच आंबट वाटलं पाहिजे, कारण पुढे ते पाचपट सोड्यात जाणार आहे आणि गार झाल्यावर जीभेला गोडी कमी लागते.

वाळा आमच्याकडे सगळ्यांचा जीव की प्राण. मुळं तीन-चार पाण्यांतून धुवायची, माती खूप असते, मग रात्रभर 300 मिली पाण्यात. सकाळी फडक्यातून गाळून तेवढीच साखर. रंग फिक्कट पिवळसर येतो, दुकानातला हिरवा हा घातलेला रंग असतो, त्यामुळे मुलांना आधीच सांगून ठेवायचं. रास्पबेरी घरी करायच्या भानगडीत मी पडत नाही, ती पुण्याच्या कँपातल्या अर्देशीरचीच, 1884 पासूनचं दुकान आहे ते आणि ती चव घरी येत नाही.

शुक्रवारी रात्री सोडा आणि सिरप दोन्ही फ्रीजमध्ये. हे विसरायचंच नाही, कारण पाणी जितकं गार तितका गॅस त्यात टिकतो, कोमट सोड्यावर बर्फ टाकून काही होत नाही. घरी सोड्याचं मशीन असेल तर त्यात फक्त साधं गार पाणी, सिरप नंतर ग्लासातच.

बर्फ दोन दिवस आधीपासून साठवायचा, लांब चमचे, मोजायला छोटा कप, ओला फडका, आणि शेजारच्या काकूंकडून आईसबॉक्स.

ग्लासात आधी सिरप, मग बर्फ, मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा, आणि खालून वर एकदाच ढवळायचं. आल्याच्या उरलेल्या चकत्या टाकू नका, साखरेत घोळवून उन्हात दोन दिवस वाळवल्या की घसा बसल्यावर चघळायला होतात.